आमच्या ब्लॉकचं घुबड

—बघा की खुशाल, त्यात काय! आमच्याकडे आलेला माणूस आधी त्या भिंतीवरच्या घुबडाकडेच बघतो. मॅक्रमे म्हणतात त्याला, सगळं दोरीच्या गाठींचं. आमच्या वीणानं केलंय, स्वतःच्या हातानं. — वीणा! पोहे होऊ देत सावकाश, चंद्रप्रभाताई काही पळून जात नाहीत! — खरं सांगू, तुम्ही गाझियाबादहून अशा न कळवता, एकट्याच आलात, तुमच्या यजमानांना, जयंतरावांनाही न आणता, ते फार बरं केलंत. मुलाच्या आईनं आधी एकटीनं घर बघून जावं. पुरुष बसले की खरं बोलणं होतच नाही.

काय म्हणालात? मागच्या रविवारी समोर खऱ्यांकडेही असंच पाहिलं? अहो, असणारच! सरोजिनी नगरात कुणाकडे नव्हतं ते विचारा. दोन वर्षांपूर्वी, एशियाडच्या गडबडीत, ही सुमित्रा खरे — हो, तीच, अरुणाची आई — मुंबईला भावाकडे गेली आणि दोरीची ही विद्या घेऊन आली. झालं! एरवी घुबड दिसलं तर आपण तोंड फिरवतो, पण फॅशन म्हटल्यावर अपशकुनसुद्धा शोभायला लागतो, बिल्कुल! तीन महिन्यांत मार्केटातली नायलॉनची दोरी संपली. दुकानदार मला लांबून बघूनच हात जोडायचा — ‘बहनजी, माल नहीं है!’ आधी घुबडं, मग कुंड्यांची शिंकाळी, मग पडदे, मग टेलिफोनला झबलं! आमचे हे, एवढे अंडर सेक्रेटरी, पण उभे राहिले की डोकं कुंडीवर, बसले की मानेत झालर. ऑफिसात बायका टेबलाखाली गाठी मारायच्या. आणि मंडळाच्या गणपतीत प्रदर्शन भरवलं, तर एका ओळीत एक्केचाळीस घुबडं! मी आरतीला उभी, आणि सगळी माझ्याकडेच डोळे वटारून बघताहेत. तेव्हाच म्हटलं, चलो, संपलं आता हे. आणि संपलंच की! दिवाळीच्या साफसफाईत सगळ्यांनी उसवायला घेतलं. जाताना वर बघा, त्याच दोऱ्यांवर बनियनी वाळताहेत. आता जो तो व्हिडिओच्या मागे.

मग हेच एक का ठेवलं? ... हुशार आहात हं! — काय? डोळे? एक डोळा लाल बटणाचा, एक काळ्या... खऱ्यांकडेही तस्साच? अच्छा.

आता तुमच्यापासून काय लपवायचं! तेच आहे हे. सबंध ब्लॉकमध्ये एवढं एकच उरलंय, आणि ज्या घरी मुलगी बघायला येणार त्या घरी ते आदल्या दिवशी जातं. पाहुणे विचारतात, ‘हे कुणी केलं?’ — ‘मुलीनंच!’ की झालं काम. सुहासिनीचं जमलं, वृंदाचं जमलं, विजयालक्ष्मीचं तर पोहे यायच्या आधी जमलं! खिळासुद्धा ठोकून तयार असतो हो प्रत्येकीकडे. पण केलंय ते वीणानंच, शप्पथ! तो लाल डोळा माझ्या स्वेटरचं बटण आहे, दाखवते हवं तर. आणि गंमत बघा, दुसऱ्या पोरींची लग्नं हिच्या घुबडानं लावली आणि ही सत्ताविसाची होऊन बसलीय. आमच्याकडे येणारे म्हणतात, हे तर आम्ही पाहिलंय कुठंतरी. फार वाईट वाटतं हो मला. द्यायची हौस माझी, आणि भोगतेय ती. निदान तुम्ही तरी खरं माना. त्या अरुणाला साधी गाठ येत नाही, परकराची नाडी बांधायलाही आई लागते!

काय? ... परत सांगा जरा. ... अरुणाची चौकशी. म्हणजे शेजारी म्हणून — मुलगी कशी, माणसं कशी, तेवढं विचारायला आलात. ... जयंतरावांना पसंत आहे. गुरुवारी सुपारी फोडायची. अच्छा. अच्छा, अच्छा.

नाही, पाणी नको मला. बसा. बसा हो, अशा उठू नका! मघाचं सोडा सगळं. मी आईच ना? आईनं पोरीचं थोडं चढवून सांगू नये? अरुणानंच केलंय घुबड. परवा आमच्याकडे एक स्थळ यायचं होतं म्हणून मागून आणलं — आलेच नाहीत ते. बटण? बटण सुमित्रा माझ्याकडूनच घेऊन गेली होती. आमच्या वीणाला कुठलं येतंय हे, तिला बुटाची नाडी धड बांधता येत नाही! अरुणा सोन्यासारखी मुलगी आहे, ताई. एकोणतीस पूर्ण झाली, तीन ठिकाणी नकार — बघा, हेही गेलं तोंडातून! चौथा नका देऊ. द्यायचाच असला तर दुसरं काही कारण काढा, माझ्या जिभेपायी नको.

हसताय? म्हणजे मानलंत ना?

—वीणा! अगं, माझी नारायणपेठ कशाला नेसलीस? ... काही नाही, छान दिसतेयस. ठेव ती डिश. ताईंना नमस्कार कर आणि आत जा. — आता बसा म्हणत नाही, ताई. समोर जा, सुमित्रा वाट बघत असेल. दार तेवढं ओढून घ्या.