भिंतीवरचं वाक्य कोणाचं

सांगतो तुमाले, त्या वाक्यानं मले पार बेजार केलं होतं. आसगावच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून होतं, 'गाव जागं, तर देश जागा.' खाली पुढाऱ्याचं नाव. सव्वीस जानेवारीच्या भाषणात मले तेच म्हणायचं होतं. पण आधी तिथं दुसऱ्याच पुढाऱ्याचं नाव होतं. चुकीचं नाव घेतलं, त अर्धं गाव उठून जाईल. हातातला चहा तसाच ठेवून पेंटरकडे गेलो.

"पांडूभाऊ, हे खरं कोण बोललं?"

"मले काय मालूम, गुरुजी? सरपंच बदलला का नाव बदलते. म्हणून मी वाक्य ऑइलपेंटनं लिवतो अन् नाव गेरूनं."

भाषणात म्हणालो, "आपल्या लाडक्या नेत्यानं म्हटलंच आहे..."

दोन्ही पार्ट्यांनी टाळ्या वाजवल्या.