गोदूकाकूंचं दार

मी दुर्गाघाटचा. पणजोबा कोकणातून काशीला आले आणि आम्ही इथलेच झालो, घरात मराठी, गल्लीत हिंदी. वडील गेले तेव्हा हातात काही नव्हतं, घाटावर नावेसाठी गिऱ्हाइकं जमवता जमवता मी लोकांना गल्ल्या दाखवू लागलो. काय सांगू तुम्हाला, भाव करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. रामघाटावरून निघायचं, बालाजी घाट, मग जुनी घरं, शेवटी देवळापुढे घरं पाडून केलेला तो नवा रुंद, गुळगुळीत दगडाचा चौक. नवं वाईट म्हणत नाही मी, उन्हात पाय भाजतात एवढंच म्हणतो.

पण माझी सगळी सैर उभी आहे ती आमच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या गोदूकाकूंच्या घरातल्या चौकावर, तिथल्या कोरीव खांबांवर. ते दार मी मिळवलंय. वर्षानुवर्षं काकूंची भाजी आणली, औषधं आणली, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, विनू, आण तुझे पाव्हणे, पण चपला बाहेर, आणि दांडीवरच्या सोवळ्याला कोणी शिवायचं नाही. कोणी शिवलं नाही, कधीच नाही.

मग ती झेंडा धरून माणसं फिरवणारी टूर कंपनी आली. माझ्या मागे मागे फिरून माझाच रस्ता शिकली. एका सकाळी त्यांचा मॅनेजर माणसं घेऊन काकूंकडे शिरला, तोही माझं नाव सांगून, ऐका, माझं नाव सांगून! आणि खांबाचा फोटो येईना म्हणून वाळत घातलेलं सोवळं त्यानं हातानं बाजूला सारलं. तेच नेसून काकू स्वयंपाकाला लागणार होत्या. आता ते पुन्हा धुवायचं, वाळेपर्यंत चूल नाही, देवाला नैवेद्य नाही, म्हातारी दिवसभर उपाशी. दार बंद झालं, मलाही.

मॅनेजरला मी भर गल्लीत गाठलं. तो हसतो, चाचा, कपड़ा ही तो था, वापस टाँग दिया ना. वर म्हणतो, दरवाज़ा खुलवा दीजिए, आपका भी हिस्सा रहेगा. हिस्सा! मी मिळवलेल्या दारात मलाच हिस्सा! मी असा ओरडलो की पानवाला दुकानातून खाली उतरला.

मग काकूंच्या उंबऱ्याबाहेर बसून भाव सुरू केला. काकू, कोणी कशाला हात लावणार नाही, हात मागे बांधून येतील. आतून आवाज आला, दुपारी, माझं जेवण झाल्यावर. मी म्हटलं, बरं काकू. आणि विनू, तूसुद्धा हात मागे.

मीसुद्धा! आता रोज दुपारी पाव्हण्यांच्या पुढे मी हात पाठीशी धरून आत जातो आणि खांब हनुवटीनं दाखवतो. लोक हसतात, हसू देत. काकूंना देव उदंड आयुष्य देवो. त्या मॅनेजरलाही देवो, माझं त्याला अजून पुरतं बोलून झालेलं नाही.