रिठीचा रस्ता

ऐका तं मंग. चंद्रपुरात एक होता शंकर, एक होती त्याची गाडी, आन दोघाइले वळणावर आणनारी मी, त्याची माय. वाघाच्या जंगलाजवळच्या मोहर्लीच्या एका हॉटेलवाल्यानं त्याले नागपूरहून पाहुणे आणाचं काम देतो म्हटलं, पण "रस्ता चुकला का काम बंद." आन आमचा शंकर तं सासरी जातानाही चुकते!

म्हणून हातात मावणारी, रस्ता दाखवणारी नकाशावाली इलेक्ट्रॉनिक डायरी घ्याले आम्ही नागपूरले गेलो. दुकानदारानं दोन काढल्या. एक भारीच चकचकीत.

"आजी, हिच्यात फोन नंबर, गाणे, बिनतारी जोडणी, सारं हाय. गाडीत समोर लावा."

शंकर भाळलाच. मी म्हटलं, "थांब. भाऊ, दोघीले विचारा, पिपरी रिठी कुठी हाय?"

चकचकीतनं लगेच रस्ता दाखवला. दुसरी म्हणे, असं गावच नाई.

दुकानदार खूश. "पाहा आजी, हेच हुशार!"

"दुसरी द्या," मी म्हटलं.

"काऊन वो माय? तिले तं गावच माहीत नाई!"

"अरे, रिठी म्हंजे उठून गेलेलं गाव. कागदावर नाव, जागेवर नुसतं जंगल. हे चकचकीत बाई तुह्या पाहुण्याइले अस्वलाच्या दारात नेऊन सोडन!"

दुकानदार हसत हसत दुसरी बांधू लागला.

शंकरले काम भेटलं, आन टिकलं. पुढच्या दिवाळीले आमच्या दारात दुसरी गाडी उभी राह्यली. ते माही सून चालवते, आन पाहुणे आता तिलेच मागतात.