मचाणावर गौरांग

स्टुटगार्टच्या एस-बानमध्ये माझ्या मागच्या सीटवर एक मराठी जोडपं बसलं होतं.

“जर्मनीत धनुष्यबाणाच्या शिकारीला बंदी, म्हणून बॉस शनिवारी टीमला हंगेरीला नेतोय. हाक्याची सगळी आखणी मी केली, आणि मचाणावर बसणार कोण? गौरांग!”

“आणि तू, श्रीधर?”

“मी हाकेकऱ्यांत. नारिंगी जॅकेट घालून रानातून चालायचं.”

“आरडाओरडा करत?”

“छे! बाण मारायचा तर हरीण सावकाश यायला हवं. आम्ही वारा पाठीशी घेऊन गुपचूप चालायचं. आमचा वास आला की ते मचाणाकडे सरकतं.”

“म्हणजे आता त्याची निशिगंधा भिशीत नवऱ्याच्या शिकारीचे फोटो दाखवणार. मागच्या वेळी नवं किचन दाखवलं.”

“गेनाऊ, अगदी तेच.”

“मचाणावरच्या माणसाचा वास येतो का रे हरणाला?”

“वारा जरा फिरला की येतो. आणि डोंगरात तो फिरतोच.”

“मग शुक्रवारी त्या दोघांना जेवायला बोलाव.”

“त्यांना? कशाला?”

“गौरांगला म्हणावं, शिकारीचं जॅकेट घालूनच ये, आम्हाला बघायचंय. ते मी स्वयंपाकघरात टांगेन. आमटीला लसणाची फोडणी देईन. दोनदा.”

“आल्झो... मग एक्झॉस्ट बंद ठेव.”