गवताबाहेरचे बूट

हंबीरराव : चेहरा झकास जमलाय आण्णा, पण खरं सांग. तुझ्या बोर्डावरचा प्रत्येक गडी घोट्यापत्तोर गवतात का असतोय?

आण्णा : फुटबॉलच्या मैदानावर गवत असतंय, हंबीरराव.

हंबीरराव : आमच्या मैदानावर? नुसता फुफाटा हाय तिथं! तीस वर्सं बघतोय मी. गेल्या साली गोलकीपर काढलास, तर तो भातलावणीला आल्यागत उभा.

संघप्रिया : हंबीरकाका, मी सांगते. आण्णांना बूट काढता येत नाहीत.

आण्णा : संघे! पेंटिंग शिकायला आलीस का माझी अब्रू काढायला?

संघप्रिया : तुमच्यासारखा चेहरा कोल्हापुरात कुणाला जमत नाही आण्णा. पण पायापर्यंत आलात की गवत. पोलीस काढला, तेव्हा त्याच्या पुढ्यात कुंडी ठेवलीत.

हंबीरराव : ते असू दे. क्लबाला पन्नास वर्सं झाली, रविवारी फायनल. पोरं म्हणत्यात, राजारामपुरीत कॉम्प्युटरवर बोर्ड छापून मिळतोय, पेंटर कशाला? मीच थोपवून धरलंय त्यास्नी. ह्या खेपेला गडी किक मारताना पायजे, बुटासकट. गवत दिसलं की काम गेलं.

आण्णा : मग गेलंच म्हण.

संघप्रिया : नाही जात. गडी तुमचा, बूट माझे. पण जमले तर बोर्डाखाली माझं नाव पडलं पाहिजे.

आण्णा : दोन वर्सं झाली न्हाईत, आणि नाव? मला माझ्या वस्तादानं नऊ वर्सांनी घालू दिलतं.

संघप्रिया : आई सगळ्यांना सांगते, माझी पोरगी पेंटर आहे. लोक विचारतात, नाव कुठं दिसत नाही ते? मग आई विषय बदलते. मला लागतं ते, आण्णा.

आण्णा : ...बरं. हंबीररावानं पास केलं, तर घाल. दाखव त्याला, आठ दिवस बुटांचा सराव करतीयस तो.

हंबीरराव : बघू. ह्यो बूट हाय व्हय? मला वाटलं बेकरीतला पाव.

संघप्रिया : तुमचेच आहेत काका, तुम्ही दिलेले. टेबलावर ठेवून काढले. शिलाई मोजून काढली, तळाचे खिळेसुद्धा.

हंबीरराव : खिळे बरोबर हाईत. पण पोरी, ह्याच्या आत पायच न्हाय की!

संघप्रिया : पाय... काका, घाला बघू ते बूट.

हंबीरराव : आता? सदुसष्टाव्या वर्सी? लोक हसतील.

संघप्रिया : हसू देत. लेस बांधा घट्ट. हां. आता किक मारा.

आण्णा : माझे डबे सोडून मार, बाबा.

हंबीरराव : ही घे!

संघप्रिया : थांबा! तसंच थांबा, पाय खाली टेकू नका!

हंबीरराव : अगं, गुडघा...

संघप्रिया : आण्णा, धरा काकांना. ज्या पायावर उभे आहेत, तो बघा. बोटांपाशी चामडं दुमडलंय, टाच उचललीय, सगळा भार बाहेरच्या कडेवर. मी उलटंच करत होते. आधी पाऊल काढायचं, मग त्याच्यावर बूट चढवायचा!

आण्णा : तीस वर्सं मी नुसतं चामडंच बघत बसलो, म्हणून गवतात लपवावं लागलं म्हणायचं.

हंबीरराव : सोडा रं मला आता! थांब, ही कडेची लेसची गाठ सोडून बूट काढतो.

संघप्रिया : हात लावू नका तिला. आहे तशी राहू दे.

(रविवारी सकाळी, शिवाजी पेठेतल्या कोपऱ्यावर. बोर्ड नुकताच उभा केलेला.)

आण्णा : हंबीरराव, वाकून वाकून बुटाकडं काय बघतोयस?

संघप्रिया : काका, चुकलंय का कुठं?

हंबीरराव : चेहरा आत्ताच्या कॅप्टनचा हाय.

आण्णा : व्हय. पोरांनीच फोटो दिलता.

हंबीरराव : आणि गाठ बाहेरच्या अंगाला. बॉल लागताना आड येऊ न्हाय म्हणून. सगळे मधी बांधायचे. अशी बांधणारा आख्ख्या पेठंत मी एकटा हुतो.

संघप्रिया : तुम्हीच बांधलीत ना, माझ्यासमोर.

हंबीरराव : म्हंजे पाय माझे हाईत. आण्णा, अरं, पाय माझे हाईत! पन्नास वर्सांच्या बोर्डावर मी किक मारतोय!

आण्णा : पास का नापास, ते सांग आधी.

हंबीरराव : पास? पुढच्या सालचं कामबी हिलाच! कॉम्प्युटरवाल्याला म्हणावं, अशी गाठ काढून दाखव!

आण्णा : ऐकलंस? हा घे ब्रश. नाव घाल.

संघप्रिया : आधी तुमचं, आण्णा. वर तुमचं, खाली माझं.

आण्णा : माझं आख्ख्या गावात हाय, गवताशेजारी. इथं तुझं एकटीचं घाल. आणि बारीक नको. तुझ्या आईला, मीनाबाईला, रस्त्यापलीकडनं वाचता आलं पायजे.