रिव्हर्स गिअरवरची पाठवणी

आमच्या सुमीची, माझ्या धाकट्या बहिणीची पाठवणी कशी झाली, ते ऐका. आमचं गाव वाईकडं, धरणाच्या पाण्याकाठी, अन् तिचं सासर समोरच्या काठाला. आमच्या होडीचं इंजिन लय जुनं. पंखा फिरवणारे खालचे गिअर पाणी शिरून गंजलेले. फौजेतनं रिटायर झालेल्या सोपानकाकांनी दोन दिवस खपून ते साफ केले, सील बदललं, नवं ऑइल भरलं.

लग्न लागलं. वऱ्हाड होडीत बसलं. काकांनी गिअर टाकला, तर पुढचा लागंचना, नुसती करकर. सुमी रडतीय, व्याही घड्याळ बघतायत. मी गुडघाभर पाण्यात उभा, घामाघूम.

"काका, आता वं?"

"गंज लय आत गेलाय. पर रिव्हर्स झकास लागतोय. ढकल होडी!"

होडी उलटीच निघाली, सगळ्यांची तोंडं आमच्या गावाकडं. लाजेनं मेलो मी.

संध्याकाळी सुमीचा फोन आला. मी आधीच म्हणालो, "चुकलं गं आमचं."

"न्हाई दादा," ती म्हणाली, "आई पार ठिपक्याएवढी हुईस्तवर दिसत हुती. मान वळवायला लागली न्हाई."