राजापुढचं प्यादं

(आदिलाबादहून जैनथला जाणारी बस. तहसील कचेरीतले निवृत्त कारकून नागोराव आणि त्यांची लेक साक्षी. ती शाळेत शिकवते. बुद्धिबळाच्या स्पर्धेचा शेवटचा डाव आज दोघं एकमेकांशीच खेळून आलेत.)

साक्षी: पण काऊन, बाबा? तीस वर्सं तुमी वजिरापुढचं प्यादं सरकवता. आजच राजापुढचं काऊन काढलं?

नागोराव: अवं, ते वजीरवालं तुले तोंडपाठ. दहा चालीत गुंडाळलं असतं तुनं मले.

साक्षी: शिकले कुठून?

नागोराव: मोबाईलवर. तेलुगूत समजावते एक पोरगा. दोन महिने झाले, तू शाळेत गेली का मी लागलोच पाह्याले.

साक्षी: अन् आई म्हणे, बाबा दार लावून बसतात, तब्येत बरी नाई वाटते!

नागोराव: तिले काय सांगू आता? पोरगी जिंकली असती तं राज्याच्या स्पर्धेले हैदराबादले गेली असती. बापानंच बरोबरीत अडकवलं. जेवाले वाढणार नाई ती मले.

साक्षी: अर्ध्या गुणानं हुकलं.

नागोराव: मले मालूम होतं. डाव सुरू व्हायच्या पयले चहा पेताना आपल्या गावचा रामाजी म्हणे, "नागोराव, पोरीसाठी एक हत्ती सोडून द्या."

साक्षी: मंग?

नागोराव: तू आठ वर्साची असताना मी एकदा मुद्दाम हरलो होतो. तुले खुश कराले. तुले समजलं. सहा महिने माया संगं पटावर बसली नाई तू.

साक्षी: आठवते.

नागोराव: तवाच फैसला केला. या पोरीसंगं खोटं खेळाचं नाई. पण आज तुयं एक प्यादं जास्त होतं, अन् मी आपला हत्तीनं शह देऊन राह्यलो, पुन्हा शह, पुन्हा शह. तुया राजाले लपाले जागा नोती, मंग डाव बरोबरीतच सुटला. तुयं तोंड पाहवे ना मले.

साक्षी: तरी देतच होते.

नागोराव: देतच होतो. रागावली का, माय?

साक्षी: आला होता राग. बरोबरीच्या कागदावर सही करेपर्यंत. मंग पाहिलं, तुमी बाहीनं डोळे पुसून राह्यले होते.

नागोराव: पंख्याची धूळ गेली होती.

साक्षी: हो. सरका जरा. जैनथ याले अजून वेळ हाय, खांद्यावर डोकं ठेवू द्या.